उखर्डूची शपथ

इतवारा, बुऱ्हाणपूर
माघ वद्य षष्ठी, १९४४

प्रिय अनंता,

हे पत्र वसंतच्या हाती देते आहे. तो परवा तुमच्याच जेलमधल्या त्याच्या भावाला भेटायला नागपूरला येतो आहे, आणि तिथे काय कसं आत पोचतं हे त्याला चांगलं ठाऊक आहे. आजवर तुला कार्डं लिहिली ती आधी जेलच्या साहेबाच्या टेबलावर जाणार हे धरूनच लिहिली. ‘आईची प्रकृती ठीक, काळजी नसावी’ याच्यापुढे त्यांत काही नसायचं. हे पत्र लांबणार आहे. ते एका बैठकीत वाच, अर्धवट ठेवू नकोस, आणि मधेच रागावून घडी घालू नकोस.

गावात सगळं तसंच चाललंय. गिरणीचा भोंगा वाजतो, रॉकेलसाठी बायका सकाळपासून डबे मांडून बसतात, साखर नावाला दिसत नाही. फोपनारला मामांच्या केळीची पानं यंदा थंडीनं करपली, पण घड बरे धरलेत म्हणे. माझ्या शाळेत मुली वाढल्या आहेत आणि पाट्या कमी पडताहेत. तू लावलेलं लिंबाचं झाड परसात अजून उभं आहे, फळ मात्र धरत नाही. हे सगळं आधी लिहिते आहे, कारण मुद्द्याला हात घालायला हात धजत नाही. तुला तुझी आक्का माहीत आहे.

आईबद्दल तुझ्या कानावर जे आलं ते खरं होतं. आई पीत होती. पण तुला कळलं ते अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

तू पकडला गेलास त्या बेचाळीसच्या श्रावणातच तिच्या डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. मशेरी लावली की झोंबायचा, म्हणून ती उजव्या बाजूनं मशेरी लावायला लागली. मशेरी काही सुटली नाही. मला म्हणायची, दाढ दुखतेय. दिवाळीत तिला अनारसा चावेना, गालाला हात धरून पाटावरून उठली, तेव्हा मी तिला परसातल्या उजेडात नेलं आणि तोंड उघडायला लावलं. अनंता, ते मी तुला लिहीत नाही. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवून मला आत बोलावलं. कॅन्सर हा शब्द मी वाचलेला होता, कुणाच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. घरी येताना टांग्यात मी तिला एवढंच सांगितलं की गाठीचा रोग आहे, मुंबईला जावं लागेल. ती रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, “म्हणजे उखर्डूचा.”

इतक्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. तुझ्या तोंडून मात्र कितीदा तरी ऐकलंय. शनवाऱ्याच्या चौकातल्या सभेत तू ती गोष्ट किती रंगवून सांगायचास! लोधीपुऱ्याचा उखर्डू गाडीवान, बुऱ्हाणपुरातला नामांकित दारुडा, माझ्या आईनं त्याच्यापुढे हात जोडले आणि त्यानं दारू सोडली, ती मरेपर्यंत शिवली नाही. लोक टाळ्या वाजवायचे. आई तेवढ्यात उठून निघून जायची. तुला वाटायचं, स्तुतीचा संकोच वाटतो तिला. मलाही तसंच वाटायचं.

तीस साली तू जळगावला काकांकडे शिकत होतास, म्हणून तू ते पाहिलं नाहीस. मी तिथे होते. आप्पा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि कधी एकटी देवळातही न गेलेली आई आठ-दहा बायका घेऊन लोधीपुऱ्याच्या वाटेवरच्या दारूच्या दुकानासमोर उन्हात पिकेटिंगला उभी राहायची. गिऱ्हाईक आलं की हात जोडायचे. नाहीच ऐकलं तर पाया पडायचं. बहुतेक माणसं पाया पडायची वेळ येण्याआधीच शिव्या देत परत फिरायची. उखर्डू रुईच्या गाठी वाहायचा. धिप्पाड माणूस, चार गाठी एकट्यानं गाडीत चढवायचा. त्या दिवसांत तो गळ्याला फडकं गुंडाळून यायचा आणि आवाज असा यायचा की कान द्यावा लागे. तो आईला म्हणाला, “बाई, मले जाऊ द्या. घशात गाठ हाय. पेल्याबिगर पानी बी उतरत नही.” आमच्यातली एक बाई हसली. रोज नवी सबब ऐकून आमचे कान किटले होते. त्यानं तोंड उघडून दाखवलं. त्या वासानं आईनं मान फिरवली, आणि मग सगळ्यांच्या देखत खाली वाकून तिनं त्याच्या पायांवर दोन्ही हात ठेवले. उखर्डूनं पाय असे ओढून घेतले की जणू साप चावला. मग तो तिथेच धुळीत बसला. दुसऱ्या दिवशी आई त्याला राजघाटावर घेऊन गेली आणि ओंजळीत तापीचं पाणी देऊन शपथ घ्यायला लावली. आषाढ उजाडायच्या आत तो गेल्याचं कळलं. सभेत कुणीतरी म्हणालं, शुद्ध होऊन सुटला बिचारा. त्याच पावसाळ्यात आईला पकडलं आणि ती जेलमध्ये गेली.

जेलमध्ये तिच्याबरोबर लोधीपुऱ्यातली एक बाई होती. तिनं आईला सांगितलं की शेवटचे दिवस उखर्डू ओरडत होता, मग ओरडायचाही आवाज राहिला नाही, आणि गल्लीतली माणसं दुपारी दारं लावून घ्यायची. आईनं हे कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. त्यानंतर ती दारूच्या दुकानासमोर पुन्हा उभी राहिली नाही, खादीच्या कामाला लागली. आणि आम्ही समजलो, वय झालं.

मुंबईला आम्ही गेलो ते मार्गशीर्षात. तिथे रेडियमच्या सुया गालात टोचून ठेवतात. त्या सुया अंगात असतात तोवर माणसाच्या जवळ कुणी फार वेळ थांबायचं नाही, असा नियम. नर्सबाई भराभर येऊन जायच्या, मी दाराशी उभी राहायची आणि हातानं खुणा करायची. आई बोलू शकत नव्हती. ती सारखी माझ्या शेजारी, चौकटीच्या डाव्या बाजूला बघायची. मी विचारायची, काय हवंय? ती मान हलवायची. मला वाटलं, तिला डोळ्यांनीच काही सांगायचं आहे आणि ते मला कळत नाही. आता वाटतं, मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी ती सांगत होती.

घरी आलो तेव्हा गाठ बसली होती, पण गाल आतून भाजल्यासारखा झाला होता. पाणी गिळतानाही तिच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. डॉक्टर म्हणाले, दुधात दोन चमचे ब्रँडी घालून द्या, दुखणं कमी होईल आणि अंगात ताकद राहील. मी बाटली आणली आणि कपाटात ठेवली. आई म्हणाली, ती बाटली मला दिसेल अशी ठेवू नकोस. चैत्रापर्यंत तिनं तिला हात लावला नाही. मग एका दुपारी मी शाळेतून आले तर ती झोपली होती, नीट, कुशीवर, तोंड थोडं उघडं. किती महिन्यांनी तिला तशी झोपलेली पाहिली. चमचा उशाशी होता. अनंता, मला त्या दिवशी बरं वाटलं. तूही तिथे असतास तर तुलाही वाटलं असतं.

पुढचं तुझ्या कानावर आलंच असेल. चमच्याची वाटी झाली. युद्धामुळे ब्रँडी मिळेना, तेव्हा तिनं भांडी घासायला येणाऱ्या सोजरबाईकडून मोहाची आणवली. मी सोजरला रागावले, तर सोजर म्हणाली, “गोदाबाईनं सांगितलं तर मी नाही कसं म्हणू, मास्तरीणबाई?” तोंडातली जखम भरून येईना, कारण दारू तिच्यावर रोज पडत होती. डॉक्टर सांगून थकले. एका बाजाराच्या दिवशी ती पुढच्या ओट्यावर केस सोडून बसली आणि मोठ्यामोठ्यानं बोलत राहिली. तिच्यासाठी कधीकाळी उठून उभी राहणारी माणसं मान खाली घालून पुढे गेली. पानाच्या दुकानावरून कुणीतरी म्हणालं, “देखो, गोदाबाई का पिकेटिंग चल रहा है।” मी तिला उचलून आत आणलं. अंगात हाडंच होती, तरी उचलवेना. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींकडे मला बघवलं नाही.

पण ती दुखण्यासाठी पीत होती असं तू समजू नकोस. सुरुवातीला तसं होतं. नंतर दुसरंच होतं. दिवेलागणीला ती माजघरात बसल्या बसल्या म्हणायची, “आला बघ.” मी बघायची. दाराच्या डाव्या अंगाला, उंबऱ्याच्या आत, भिंतीशी काही नसायचं. ती सांगायची, गळ्याला फडकं आहे, हात पुढे केलाय, काही बोलत नाही. मग ती एका वाटीत थोडी ओतायची आणि मला म्हणायची, “ही आधी त्याला ठेव.” मी ठेवायची नाही. तेव्हा ती स्वतः भिंतीला धरत जायची, वाटी उंबऱ्याशी ठेवायची, आणि मग येऊन स्वतः प्यायची. प्याली की म्हणायची, गेला. सकाळी वाटी कोरडी असायची. आटत असेल, मांजर येत असेल, मी काय काय मनाशी घोळवलं. एकदा तुळशीपुढचा दिवा लावून आत वळले तर त्या बाजूनं कुणी घसा खाकरल्याचा आवाज आला. मी दिवा घेऊन तिकडे गेले नाही. चाळीशीला आलेली, मुलींना विज्ञान शिकवणारी तुझी बहीण भिंतीकडे पाठ करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

तेव्हा तिनं मला जेलमधली ती गोष्ट सांगितली. प्यालेली असताना नाही, सकाळी, शुद्धीवर असताना. म्हणाली, “तो खोटं बोलत नव्हता ग. त्यानं मला तोंड उघडून दाखवलं होतं. मी वासानं मान फिरवली.”

दसऱ्यानंतर वसंत सुटून आला आणि तुझा निरोप घेऊन घरी आला. मला बाजूला घेऊन सांगावं असं त्याच्या मनात होतं, पण आई माजघरातून म्हणाली, काय ते इथे बोल. त्यानं मान खाली घालून सांगितलं, “अनंतराव म्हणाले, घरात बाटली आहे तोवर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही.”  आई म्हणाली, “सांग त्याला. सोडली म्हणावं. तापीच्या पाण्यावर सोडली.” वसंत गेल्यावर तिनं स्वतःच्या हातानं बाटली मोरीत ओतली. तुला तो शब्द पोचला आणि तू केवढा आनंदलास हे मला वसंतनं सांगितलंय. मीही आनंदले होते. मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं: पुन्हा एकदा सुया ठेवाव्या लागतील, पण तोंडातली जखम भरल्याशिवाय नाही, आणि पिणं थांबल्याशिवाय जखम भरायची नाही.

सोडली म्हणजे काय होतं ते तुला आणि मला माहीत नव्हतं, रे. दुसऱ्याच दिवशी तिचे हात थरथरायला लागले. लुगडं घामानं ओलं व्हायचं, मी बदलायची, पुन्हा ओलं. भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ती पदरानं भिंत पुसत बसायची. आणि तो तर आता दिवेलागणीची वाट बघेना. दुपारी जेवायला बसलं तरी आई दाराकडे बघून म्हणायची, अरे, थांब, आता नाही रे माझ्याकडे, आता खरंच नाही. एक दिवस मला शाळेतून यायला उशीर झाला. आले तर ती मोरीशी आडवी पडलेली, स्टोव्ह पेटवायच्या स्पिरिटची बाटली शेजारी, आणि ओकारीत रक्त. शुद्धीवर आल्यावर ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, “मला लोधीपुऱ्याला ने.”

टांग्यातून नेलं. उखर्डूचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्याची बायको मालूबाई अजून त्याच खोलीत राहते; मुलगा सुकलाल गिरणीत आहे. ती दारात ज्वारी पाखडत बसली होती. आईला पाहून उठली नाही. आई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्या तसल्या तोंडानं, एकेक शब्द ओढून काढत, म्हणाली, “मालूबाई, मी गोदा. तुझ्या नवऱ्याला मी पिऊ दिलं नाही. त्याचं दुखणं खरं होतं.” मालूबाईचं सूप थांबलं नाही. म्हणाली, “हाव. मले ठाऊक हाय.” मग थोड्या वेळानं तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बोलायला लागली. मी तिचे शब्द आहेत तसे देते. “तुम्ही दुकानासमोर उभ्या होत्या, माह्या घरात नव्हत्या बाई. मी रोज वाटी भरून आणे. लपून आणे. त्याच्या तोंडाले लावे. तो तोंड फिरवे. जन्मभर ज्यानं माह्या चांदीच्या पाटल्या पिऊन टाकल्या, तो तोंड फिरवे! म्हने, मालू, गोदाबाईनं माह्या पायाले हात लावला. जिंदगीत माह्या पायाले कोन्ही हात नही लावला. आता कशी पिऊ?”

 मालूबाई म्हणाली, “लई वरसं तुमले शिव्या दिल्या मी. रोज चूल पेटवताना दिल्या.” मग ती पुढे सरकली, आईच्या हनुवटीला धरून तिनं तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, “उघडा.” आईनं उघडलं. मालूबाईनं आत पाहिलं, नीट पाहिलं, मान फिरवली नाही. “लई दुखते?” एवढंच विचारलं. आई तेव्हा रडली. मुंबईत, इथे, आप्पा गेले तेव्हासुद्धा मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. माफ केलं असं मालूबाई म्हणाली नाही, आणि आईनं मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालूबाई आपणहून आमच्या दाराशी आली. मी आत बोलावलं तर ती आली आणि दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, टेकून बसली. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, आईनंही नव्हतं. ती सुकलालच्या पोरांच्या खोड्या सांगत राहिली, मधेच आईची थट्टा करत राहिली. त्या संध्याकाळी आई दाराकडे बघत होती खरी, पण बघत होती ती मालूबाईकडे. नंतर ती रोज येऊ लागली. हातात काहीतरी काम असायचं, वाती वळायच्या, शेंगा फोडायच्या. आईचे हात हळूहळू स्थिर झाले. कधी तलफ यायची, आई ओठ घट्ट मिटून डोळे मिटायची, आणि मालूबाई म्हणायची, “बोला, बोला, माह्याशी बोला,” आणि आई काहीबाही बोलायची. फोपनारच्या विहिरीचं, आप्पांच्या रागाचं, तुझ्या लहानपणाचं. तुला पोहायला येत नव्हतं तरी तू तापीत उडी मारलीस ते मालूबाईला आता पाठ झालंय. उखर्डू पुन्हा दिसला का? मी विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही.

जखम भरली. मार्गशीर्षात पुन्हा मुंबई केली. या खेपेला सुया मानेजवळही होत्या. परिचारिकेनं रात्रीसाठी काही पेल्यात देऊ केलं तेव्हा आईनं आधी वास घेतला आणि मग औषध आहे अशी खात्री करून घेतली. परत आलो तेव्हा स्टेशनवर मालूबाई सुकलालला घेऊन आली होती. घरी आल्यावर आईनं केळं कुस्करून दुधातून खाल्लं, अख्खं. त्याच आठवड्यात मी तुला ‘आई उत्तम आहे’ असं कार्ड टाकलं. ते खोटं नव्हतं. तेवढे दिवस ती खरंच उत्तम होती. ओट्यावर बसून चरखा फिरवायची, आणि रस्त्यातून जाणारी माणसं पुन्हा थांबून नमस्कार करायला लागली होती.

अनंता, आता ऐक. संक्रांतीनंतर तिच्या मानेला गाठ आली, ती आता गळ्याभोवती उतरली आहे. मुंबईहून उत्तर आलं, आणखी रेडियम देता येणार नाही. घरीच ठेवा, आराम पडेल ते करा. आराम पडायला मॉर्फिया लागतो, आणि लढाईमुळे तो गावात नाही, खांडव्यालाही मिळाला नाही. डॉक्टर म्हणाले, ब्रँडी द्या, मागतील तेवढी द्या, आता जपायचं काही राहिलं नाही. मी आणली. दुधातून, पाण्यातून, मधातून, सगळ्या तऱ्हेनं देऊन पाहिली. ती वास ओळखते आणि तोंड भिंतीकडे फिरवते. काल पाणीही बाहेर आलं. दुपारभर ती उशी चावत होती, आणि बोलता आलं तेव्हा म्हणाली, “अनंताला शब्द दिलाय. तो घरी यायचाय.” तुला दिलेल्या त्या शब्दावर माझा राग नाही. त्याच शब्दाच्या बळावर ती दुसऱ्या सुया सोसू शकली, त्याच शब्दावर ती ओट्यावर ताठ बसली. पण काल मालूबाई चमचा हातात धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी चमच्यात पडत होतं. मला म्हणाली, “पोराले लिहा, मास्तरीणबाई. मी हे एकदा पाह्यलं. पुन्हा पाहवत नही.” म्हणून लिहिते आहे. तू सुटून येशील तोवर ती राहणार नाही, आणि पॅरोलचा अर्ज तू करणार नाहीस हे मला माहीत आहे. तो वाद मी आज घालत नाही. माझं, डॉक्टरांचं, मालूबाईचं ती ऐकत नाही. तिचा शब्द तुझ्याजवळ आहे, तो फक्त तुलाच परत करता येतो. वसंत दोन दिवस तिथे आहे. त्याच्या हातात एक कागद दे, तुझ्या अक्षरात, मोठ्या अक्षरात, म्हणजे तिला तुझा हात ओळखू येईल. फार लिहू नकोस. ‘आई, घे’ एवढंच लिही.

तुझीच,
आक्का